एकाच मापाच्या दोघी

राहाता, २२ ऑगस्ट २०२४

चांगुणा,

सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो हे मला माहीत आहे. तो द्यायचा की नाही, ते पत्र संपेपर्यंत ठरवीन. फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर "आवाज येत न्हाई" म्हणून ठेवून देतेस. कागदाला तसं करता येत नाही, म्हणून पोस्टाने लिहिते आहे.

काल दुपारी आमच्याकडे एक पोरगी आली होती. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक. नाव ज्योती. काष्टीची आहे म्हणाली, आणि नगरच्या कुठल्याशा आरोग्य संशोधन केंद्रात कामाला आहे. मी तिला पाणी दिलं. ते संपायच्या आत ती म्हणाली, "मावशी, तुम्ही जुळ्यातल्या थोरल्या ना? धाकट्या मावशींनी तुमचं नाव दिलंय. आम्हाला दोघींची अंगाची मापं घ्यायची आहेत."

मला आधी काही कळेना. दोन वर्षं तू माझं नाव तोंडातून काढलं नाहीस. माझ्या ओंकारच्या लग्नात पंगतीला न बसता निघून गेलीस. आणि आता एका परक्या पोरीला माझं नाव, गाव, वस्तीचा रस्ता, सगळं बिनचूक सांगतेस. यात कुठंतरी पाणी मुरतं आहे.

मी तिला विचारलं, मापं कशाची? उंची, वजन, दंड, कंबर, अंगात हाड किती, मांस किती, चरबी किती. म्हटलं, मग पुढं? म्हणाली, पुढं काही नाही, अभ्यास आहे. चांगुणा, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. पुढं काही नसताना कोणी पेट्रोल जाळून वस्तीवर येत नाही.

मी टीव्हीवर ऐकलं आहे की सख्ख्या जुळ्यांची किडनी एकमेकींना हमखास जुळते. म्हणून सरळ विचारते. तुला काही झालं आहे का? झालं असेल तर माणसासारखं सांग. मापाच्या नावाखाली मला नगरला नेऊन तपासायचं आणि मग "आक्का, आता तूच" म्हणायचं, असा तुझ्या रामहरीचा बेत असेल तर तो मला कळला आहे असं त्याला सांग. तो लग्नात कोपऱ्यात उभा होता तेव्हाच मला त्याची नजर आवडली नव्हती.

हे पत्र लिहिताना आमचे आप्पासाहेब मागून वाचत होते. म्हणाले, "तुझ्यापुढं देव जरी आला तरी तू आधी त्याचं आधार कार्ड मागशील." त्यांना चेष्टा सुचते. माणसं ओळखायचं काम घरात मलाच करावं लागतं.

उत्तर पाठव. आशीर्वादाचं अजून ठरत नाही.

छबू

राहाता, ७ सप्टेंबर

चांगुणा,

तुझं उत्तर नाही. ज्योती मात्र पुन्हा आली. या खेपेला सोबत संमतीचा कागद होता. तिने सगळा मराठीतून वाचून दाखवला आणि मी तिला तो दुसऱ्यांदा वाचायला लावला. त्यात किडनीचा कुठं उल्लेख नाही. मी तोंडानेही विचारलं. ती हसली नाही, हे तिच्या बाजूने मी धरलं. म्हणाली, "मावशी, अवयवाचं काही नाही. एका आईच्या पोटी, एकाच वेळी जन्मलेल्या दोघी. एक कालव्याच्या पाण्यावर राहिली, एक पाथर्डीच्या कोरडवाहूत. मूळचं शरीर एक असेल तर पुढं काय काय बदललं, एवढंच बघायचं आहे. असे आमच्याकडं बरेच जुळे आहेत."

म्हणजे मी गोड्या पाण्यातली आणि तू कोरडवाहूतली, असं सरकारदरबारी लागलं म्हणायचं. मी तिला सांगितलं, बाई, आमची लग्नं झाली तेव्हा हिचं स्थळ माझ्याहून वरचढ होतं. रामहरीची मोसंबीची बाग होती, विहिरीला पाणी होतं. आमच्याकडं तेव्हा दोन म्हशी आणि सासूच्या तोंडाचा पट्टा. आपल्या वडिलांनी तुला तिकडं दिली म्हणून मी चार दिवस रुसले होते. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तू तिला काय सांगितलं आहेस कोण जाणे.

आणि आपण का बोलत नाही हेही तिने विचारलं. मी म्हटलं, ब्लाऊजवरून. तिला वाटलं मी उडवून लावते आहे.

पण तू आणि मी जाणतो ना. माहेरी शेवगावच्या शिंप्याकडं आपली दोघींची मिळून एकच मापाची चोळी असायची. एकीनं द्यायची, दोन शिवून यायच्या. म्हणून ओंकारच्या लग्नात मी तुझ्या आहेराच्या हिरव्या साडीवरचं ब्लाऊज माझ्यासोबत, माझ्या मापाने शिवून घेतलं. अस्तर, नाडीला गोंडे, काही कमी केलं नाही. तू आत नेलंस, दार लावलंस, आणि बाहेर आलीस ती आपल्या जुन्या चोळीवर. ते नवं पिशवीत घालून माझ्या नव्या सुनेच्या, स्नेहलच्या हाती परत दिलंस. साडी घेतलीस, ब्लाऊज परत. सगळ्या भावकीनं बघितलं. मी तुला काय कमी केलं होतं ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

मी ज्योतीला जायला हो म्हटलं आहे. तुला भेटायची हौस आहे म्हणून नाही. हा सगळा प्रकार काय आहे तो एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून. तेवीस तारखेची गाडी पाठवणार आहेत. पितृपंधरवड्यात कोण शहाणा माणूस अंगाची मापं काढायला बोलावतो, हेही मला विचारायचं आहे.

छबू

राहाता, २४ सप्टेंबर

चांगुणा,

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी स्नेहलने चहा ठेवला, तो तसाच आहे. काल तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस आणि मीही बोलले नाही. त्यामुळं जे झालं ते दोघींनी वेगवेगळं बघितलं असणार. मी काय बघितलं ते लिहिते.

नगरच्या केंद्रात मी आधी पोचले. मला आत घेतलं. अंबाडा सोडायला लावला, कारण अंबाड्याने उंची वाढते म्हणे. मग त्या यंत्रावर अनवाणी उभं राहायचं, दोन्ही हातांत दांड्या धरायच्या. ज्योती म्हणाली, अंगावरचा धातू काढा. बांगड्या काढल्या. जोडवी म्हणाली तेव्हा मी पाय मागे घेतला. आप्पासाहेब जिवंत असताना जोडवी का काढू? तिने वाद घातला नाही, फक्त लिहून ठेवलं. यंत्रातून वीज जाते पण कळत नाही म्हणाली, आणि खरंच कळली नाही. तोवर मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते. माझं बाकी सगळं ठीक आहे. थोडं चालायला आणि भात कमी करायला सांगितलं आहे, तसं ते सगळ्यांनाच सांगतात.

मग तू आलीस. आपल्या दोघींमध्ये हिरवा पडदा होता. तुला वाटलं असेल मी गेले. मी पडद्याअलीकडं बाकावर साडी नीट करत होते.

त्यांची कामाची एक पद्धत आहे. ज्योती माप घेते आणि मोठ्याने सांगते. दुसरी पोरगी तेच पुन्हा मोठ्याने म्हणते आणि मग लिहिते. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून. प्रत्येक माप दोनदा. त्यामुळं मला तुझं सगळं ऐकू येत होतं. मी कान देऊन ऐकत नव्हते असं म्हणणार नाही.

उंची सांगितली. माझीच. मला वाटलं, चुकून माझं वाचते आहे. गुडघ्याची उंची माझीच. मनगटाचं हाड माझंच. पाऊल माझंच. मला आत कुठंतरी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, आहे, अजून सगळं तसंच आहे. मग वजन म्हणाली, अडतीस. दुसरी पोरगी पण म्हणाली, अडतीस. मी वाट बघत राहिले की आता दुसऱ्यांदा घेतील तेव्हा सुधारतील. दुसऱ्यांदाही तेच.

मग दंड. मग पाठ, तो चिमटा लावतात ती. माझ्या पाठीला तिने चिमटीत कातडी धरली तेव्हा तिच्या दोन बोटांत मावेना. तुझ्या वेळी ती दोनदा म्हणाली, "मावशी, जरा सैल सोडा अंग." तू म्हणालीस, "सैलच हाय की." एवढाच तुझा आवाज मी ऐकला.

पडद्याला कडेने फट होती. मी बघितलं. बघायला नको होतं असं तू म्हणशील. तुझी पाठ माझ्याकडं होती, चोळी सोडलेली. चांगुणा, लहानपणी आपण हौदावर एकमेकींची पाठ घासायचो. मला तुझी पाठ माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती, कारण स्वतःची कोणाला दिसते. काल मला ती ओळखू आली नाही. खांद्यांचे दोन्ही फरे वर आलेले, मणका मोजता येईल असा. मी तोंडात पदर धरला.

शेवटी मुठीचा जोर बघायचं ते यंत्र. मी दाबलं तेव्हा काटा थोडा हलला होता. तू दाबलंस आणि ज्योती आकडा सांगायचा थांबली. मग म्हणाली, "मावशी, पुन्हा एकदा." पुन्हा दाबलंस. म्हणाली, एवढा जोर तर इथं येणाऱ्या पुरुषांतसुद्धा थोड्यांचा असतो.

मी ज्योतीला बाहेर गाठलं. विचारलं, माझ्या बहिणीला काय झालं आहे? म्हणाली, तुमच्याबद्दल विचारा, त्यांच्याबद्दल मी सांगू शकत नाही, तो नियम आहे. मी म्हटलं, मी सगळं ऐकलं आहे. ती गोरीमोरी झाली. म्हणाली, डॉक्टरांनी त्यांना एक्स-रे आणि रक्त तपासायला सांगितलं आहे, एवढंच, आणि हेही मी बोलायला नको होतं.

तू माझ्यासमोरून गेलीस. पायात जोडवी नव्हती. तू काढलीस, तीही न कुरकुरता. मी "चांगू" म्हणणार होते. तू गाडीत बसलीस आणि काच वर केलीस.

काय लपवते आहेस?

छबू

राहाता, १० ऑक्टोबर

चांगू,

पंधरा दिवस मी विचार करते आहे आणि आता माझी खात्री झाली आहे.

तू मला सांगितलं होतंस की रामहरी कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे, म्हणून दिवाळीनंतर तुम्ही बाहेरगावी असता आणि तू तिथं त्याचं जेवणखाण बघतेस. ड्रायव्हरच्या बायकोची मूठ अशी नसते. तुझ्या डाव्या हाताला अंगठ्यापासून मनगटापर्यंत वण आहे, तो मी विळीने कापल्याचा समजत होते. आता कळलं. तू ऊस तोडतेस. रामहरी आणि तू, जोडीचा मिळून एक कोयता. सहा वर्षं झाली बाग वाळून, म्हणजे सहा वर्षं तू मला खोटं सांगते आहेस.

मला राग खोट्याचा नाही. म्हणजे आहे, पण तो नंतर. मला भीती वाटते आहे आणि ती मला लिहिता येत नाही. घरात मी सगळ्यांवर ओरडते. परवा स्नेहलला म्हटलं, तू दूध कमी आटवलंस, मुद्दाम. ती बिचारी रडली. आप्पासाहेब म्हणाले, पाथर्डीचा राग राहात्यात काढू नकोस.

एक्स-रे काढलास का? टीबी असेल. असेल तर त्याला औषध आहे, फुकट मिळतं, सहा महिन्यांत माणूस बरा होतो. मला आतून वाटतं की तेच असावं. दुसरं काय असणार? एकाच पोटातून आलो, हाड एक, घडण एक. मग तुझ्या अंगावरचं सगळं कोणी काढून नेलं? काही तरी रोग असणार. रोग आहे म्हणजे इलाज आहे.

का रामहरी तुला पोटभर देत नाही? त्याला दारू लागली आहे का? सासू अजून ताट मोजून वाढते का? माझा त्या दोघांवर संशय आहे. स्पष्ट लिही. वाचून फाडून टाकीन.

या वर्षी तू जायचं नाहीस. हे मी विचारत नाही, सांगते आहे. टोळीच्या मुकादमाला काय सांगायचं ते रामहरी बघेल. तू माझ्याकडं ये. मागची खोली रिकामी आहे. पाहुणी म्हणून ये, रुसून ये, बोलू नकोस, पण ये. दूध आहे, तूप आहे, दवाखाना जवळ आहे. त्या अंगाने तू उसाच्या एका फडात जरी उतरलीस तर मी पुन्हा तुला बघेन की नाही याची मला शाश्वती नाही.

आणि दसऱ्याला आशीर्वाद. तो आता ठरला आहे.

आक्का

पाथर्डी, २६ ऑक्टोबर

आक्का,

तुझी सगळी पत्रं मिळाली. घरी कोनी वाचली न्हाईत. मीच वाचली, दोनदा दोनदा. मला लिहायला येळ लागतो म्हनून उशीर.

एक्स-रे काढला. काही न्हाई निघालं. थुंकी तपासली, काही न्हाई. साखर न्हाई, थायरॉड का काय ते बी न्हाई. रक्त कमी हाय, त्याच्या गोळ्या दिल्या. डॉक्टरनी विचारलं जेवता किती वाजता. म्हनलं कवा बी. पहाटं फडात जाताना चहा, मंग मोळ्या वाहून झाल्या का भाकर. मंग म्हनले बाई तुमाला रोग काहीच न्हाई. तुला रोग पायजे व्हता ना आक्का. मला बी पायजे व्हता. गोळी घेऊन बरं झाले असते.

रामहरीला काही बोलू नको. ते दारू पीत न्हाईत. ते तोडतात, मी बांधते अन डोक्यावर गाडीत टाकते. त्यांचं बी वजन तेवढंच झालंय, त्यांना कोनी मोजलं न्हाई इतकंच. सासू जाऊन चार वर्सं झाली, तुला कळवलं व्हतं.

ब्लाऊजचं सांगते. मी आत जाऊन घातलं. दोनी खांद्यावरून खाली आलं. दोन चांगुणा मावल्या असत्या त्याच्यात. मला वाटलं तू मुद्दाम तुजं माप पाठवलं, का बघ मी किती भरले अन तू किती वाळली. तू तसं केलं न्हाई हे मला आता तुज्या पत्रातून कळलं. तवा न्हाई कळलं. तसंच घालून बाहेर आले असते तर समदी भावकी हसली असती, अन टाचून घालायला टाचनी मागायची मला लाज वाटली. म्हनून परत दिलं.

आता दुसरं. हे लिहू का नको असं लई दिस चाललंय.

गेल्या माघात आमची टोळी तुमच्याच बाजूला व्हती. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मुकादम म्हनला आता आप्पासाहेबांचा ऊस. मी म्हनलं कोन आप्पासाहेब, तर वस्ती दाखवली. रामहरी म्हनले आज तू पाचटाच्या कोपीवर राहा. मी म्हनलं न्हाई जाते. तोंडाला रुमाल असतोच.

तू दुपारी बांधावर आली. छत्री व्हती. मुकादमाला म्हनली बुडखे लांब ठेवतात ह्या बाया, खालून तोडाय सांगा. मी चार हातावर व्हते. मला वाटलं आवाजानी वळशील, म्हनून मी बोलले बी, व्हय बाई खालूनच तोडतो. तू वळली न्हाई.

संध्याकाळी आमी वाढ्याच्या, उसाच्या शेंड्यांच्या मोळ्या घेऊन निघालो तर तू वाटंत उभी. तुला वाटलं मोळीत तुज्या वावरातले कांदे हायेत. माझी मोळी सोडायला लावली. मी खाली टाकली, सोडली, पसरली. वाढंच व्हतं. तू पायानी हलवून बघितलं अन म्हनली जा. माज्या तोंडाकडं बघितलं आक्का तू. रुमाल होता पन डोळे उघडे व्हते. मंग तू दुसरीची मोळी बघायला गेली.

मी तुला दोष देत न्हाई. तू कवाबी अशीच, लहानपनी बी माज्या दप्तरात तुजी पेन्सिल शोधायची. पन मला लई रडू आलं. मी कोपीवर येऊन रामहरीला म्हनलं, मी एवढी बदलले का, माज्या जुळीला मी दिसले न्हाई.

म्हनून ज्योती मडमनी विचारलं जुळं कोन हाय का, तर मी तुजं नाव दिलं. किडनीसाठी न्हाई. मी तर तुला बघितलं व्हतं. तू मला बघावं म्हनून. तुज्या दारात येऊन म्हनायला जमलं नसतं.

मंग पडद्यामागं तू हाय हे मला ठाव व्हतं. तुज्या कुंकवाचा वास येतो लांबून. बघू दिलं.

मी तुज्याकडं येनार न्हाई. मागच्या खोलीत बसून दूध पीत बसले तर रामहरी एकटे कोयता कसा धरतील? अर्धा कोयता कोनी घेत न्हाई. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली हाय. पुढच्या हप्त्यात निघू. कुठं ते सांगत न्हाई, पन नगर जिल्ह्यातच. तू शोधू नको. तुला फडातली चिखल-माती सोसायची न्हाई.

जोडवी चिखलात निसटतात म्हनून काढून ठेवते मी. रामहरी बरे हायेत.

तुजी
चांगुणा

राहात्याजवळ, बांधावर, ५ डिसेंबर

चांगू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणात उभी होते. वाचून तिथंच खाली बसले. स्नेहल पळत आली, तिला वाटलं चक्कर आली. आप्पासाहेबांना मी मोळीचं सांगितलं. ते चेष्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी केली नाही. ते उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ तिथंच राहिले.

माघातली ती संध्याकाळ मी आठवायचा खूप प्रयत्न केला. मला वाढं आठवतं. माझी चप्पल आठवते. बाया होत्या, पाच-सहा असतील. त्यातली एकही आठवत नाही. तुझे डोळे आठवत नाहीत. माणसं ओळखायचं काम घरात मी करते म्हणून मी तुला लिहिलं होतं.

तू म्हणालीस शोधू नको. मी पंधरा दिवस झाले शोधते आहे. ओंकारला सांगितलं, मला रोज सकाळी मोटरसायकलवरून जिथं तोड चालू आहे तिथं सोड. त्याने कारण विचारलं, मी म्हटलं, गाडी चालव. टोळ्या आल्यात तेवढ्या फडांवर मी गेले. बांधावर उभी राहते आणि प्रत्येकीच्या तोंडाकडं बघते. आता मला कळलं, कोणी आपल्याकडं असं बघितलं की कसं वाटतं. बाया रुमाल घट्ट करतात. कोल्हारच्या बाजूला एक मुकादम अंगावर आला, म्हणाला, "बाई, तुमी कोन? कशाला बायांची तोंडं बघत फिरता? चोरी झालीय का तुमची?" एका ठिकाणी बायांना वाटलं मी मापं घेणाऱ्यांपैकी आहे. एक म्हणाली, "आमचं न्हाई निघायचं काही, तुमी जा." मी काय सांगणार? मी म्हटलं, माझी बहीण आहे. त्या माझ्याकडं, माझ्या साडीकडं बघून एकमेकींकडं बघायच्या. कोणीही विश्वास ठेवला नाही. माझ्यावरही कोणी का ठेवावा?

आज या फडावर आले. ऊस दाट आहे, आत कोण आहे दिसत नाही, नुसता कोयत्यांचा आवाज येतो. कडेला एक म्हातारी बाई मोळ्या बांधत होती. मी विचारायच्या आधीच ती थांबली. रुमाल खाली ओढून माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "तुमी चांगुणाच्या कोन?"

मी म्हटलं, कशावरून?

"आवो, तीच की तुमी," ती म्हणाली. "जरा भरलेली."

ती म्हणाली, आत हाय, तिसऱ्या सरीच्या पलीकडं, बोलावू का? मी म्हटलं नको. बोलावलं असतं तर तू आली नसतीस, काच वर केली असतीस. म्हातारीकडे कागद नव्हता, माझ्या पर्समध्ये दवाखान्याचे कागद होते, त्यांच्या पाठीवर हे लिहिते आहे. शाई संपत आली आहे, म्हणून नीट वाच.

दूध प्यायला ये म्हणणार नाही. खोलीचंही बोलणार नाही. कोयता मला धरता यायचा नाही, तेवढी माझी मूठ नाही. पण मोळी बांधता येईल, शेवगावला आपण कडब्याच्या पेंढ्या बांधायचो. भाकरी करता येते. तू फडातून येशील तेव्हा ती गरम असेल आणि आधी तू जेवशील, रामहरीही नंतर, मी सगळ्यात शेवटी. महिनाभर मी इथंच आहे. आप्पासाहेबांना ओंकार सांगेल. ते ऐकतील. नाही ऐकलं तरी मी इथंच आहे.

तुझ्या टोळीतल्या बायांना माझा संशय येईल. येऊ दे. मोळ्या सोडून बघू दे.

ही मावशी आता चिठ्ठी घेऊन आत येईल. मी बांधावर बसले आहे. तू वाचशील, आणि आली नाहीस तर मी पाचाटातून आत येते. माझ्याकडं रुमाल नाही, तेव्हा तुला लगेच ओळखू येईन.

आक्का